हस्तमुद्रा आणि मुखमुद्रा : लेवित्स्कीची दरबारी व्यक्तिचित्रे

'दरबारी चित्रकार' ही संज्ञा कलासमीक्षेत बहुधा दूषणार्थीच योजिली जाते. ज्याचा कुंचला आश्रयदात्याच्या इच्छेला बांधलेला, त्याच्या हातून रेशीम, रत्ने आणि पदके उत्तम उतरतील, पण माणूस उतरणार नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रशियन चित्रकलेचा, विशेषतः दिमित्री ग्रिगोर्येविच लेवित्स्की (सुमारे १७३५–१८२२) याच्या चित्रांचा, विचार करताना ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे ठरते. दुसऱ्या कॅथरिनच्या दरबारासाठी आणि त्या दरबाराभोवती वावरणाऱ्या सरदार, विद्वान व धनिकांसाठी लेवित्स्कीने चित्रे काढली. तो बंडखोर नव्हता. जे काम सांगितले गेले ते त्याने केले, आणि दरबारी चित्राचे जे व्याकरण युरोपभर रूढ होते तेच त्याने वापरले. तरीही त्याच्या उत्कृष्ट चित्रांपुढे उभे राहिले असता असे जाणवते की, व्याकरण दरबाराचे असले तरी वाक्य मात्र चित्रकाराचे आहे. हे कसे घडते, आणि कोठे घडत नाही, एवढाच येथे विचारविषय आहे.

लेवित्स्कीचा जन्म युक्रेनमधला. पिता ग्रिगोरी लेवित्स्की हा धर्मोपदेशक होता आणि कीव्हच्या सुप्रसिद्ध पेचेर्स्काया मठाच्या मुद्रणालयासाठी कोरीव छापचित्रे करणारा कुशल कारागीरही होता. कीव्हच्या धर्मविद्यापीठातील वादसभांच्या प्रसंगी जी भव्य प्रबंधपत्रे छापली जात, ती तो कोरीत असे. आर्चबिशप राफाएल झाबोरोव्स्की याच्या गौरवार्थ १७३९ मध्ये केलेले त्याचे पत्र प्रसिद्ध आहे. अशा पत्रांत सद्गुणांच्या मूर्ती, कुलचिन्हे, देवदूत आणि लेख यांची एकच दाटी असते. प्रत्येक वस्तूला अर्थ असतो आणि अर्थावाचून एकही वस्तू नसते. मुलाने चित्रविद्येचे पहिले धडे या वातावरणात घेतले. पुढे रास्त्रेलीच्या योजनेनुसार बांधलेल्या कीव्हच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या सजावटीसाठी अलेक्सेइ आंत्रोपोव्ह तेथे आला. तरुण लेवित्स्की त्याचा शिष्य झाला आणि त्याच्या पाठोपाठ सुमारे १७५८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेला. आंत्रोपोव्हची व्यक्तिचित्रे म्हणजे जुन्या रशियन प्रतिमापरंपरेची शेवटची ठाम खूण होय : समोर रोखलेला चेहरा, सपाट व गडद रंग, पदकांची काटेकोर नोंद. १७६२ साली कॅथरिनच्या राज्याभिषेकासाठी मॉस्कोत उभारलेल्या विजयकमानींची चित्रे करण्यातही लेवित्स्कीचा हात होता. म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत त्याच्या पदरी रूपकाची भाषा होती, गुरूचा काटेकोरपणा होता आणि उत्सवी चित्रकामाचा अनुभव होता. स्वतःचे म्हणावे असे अद्याप काही नव्हते.

ते १७७० मध्ये एकाएकी दिसले. कलाअकादमीच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याची अनेक व्यक्तिचित्रे मांडली गेली, आणि त्यांतील वास्तुविशारद कोकोरिनोव्ह याच्या चित्रासाठी (१७६९) त्याला अकादमीचे सदस्यत्व मिळाले. पुढच्याच वर्षी अकादमीतील व्यक्तिचित्रणाचा वर्ग त्याच्याकडे आला. कोकोरिनोव्ह हा त्याच अकादमीचा संचालक आणि तिच्या नव्या इमारतीचा एक शिल्पकार. चित्रात तो फिकट रंगाच्या, भरतकाम केलेल्या आणि फर लावलेल्या भारी पोशाखात मेजापाशी उभा आहे. मेजावर इमारतीचा नकाशा पसरलेला आहे आणि त्याचा हात त्या नकाशाकडे निर्देश करतो आहे.

या हाताकडे नीट पाहिले पाहिजे. आपल्या मूर्तिशास्त्रात देवतेची ओळख आयुधांवरून आणि लांछनांवरून पटते. दरबारी व्यक्तिचित्रातही तोच संकेत असतो. सेनापतीजवळ दंड, विद्वानाजवळ ग्रंथ, वास्तुकाराजवळ नकाशा. आणि चित्रित व्यक्तीचा एक हात त्या लांछनाकडे वळलेला. 'मी कोण हे याच्यावरून ओळखा,' असे तो हात सांगतो. हा निर्देशक हात युरोपातील दरबारी चित्रांत इतका सरसहा आढळतो की प्रेक्षक तो वाचतो आणि विसरतो. लेवित्स्कीने तो टाकला नाही. मात्र कोकोरिनोव्हचा हात सैल आहे. नकाशा अभिमानाने पुढे करणाऱ्याचा तो हात नव्हे, फार वेळा दाखवलेली गोष्ट पुन्हा एकदा दाखवणाऱ्याचा आहे. आणि वरचा चेहरा त्या हाताला दुजोराही देत नाही. डोळे थकलेले, ओठांवर शिष्टाचारापुरते स्मित. हात अकादमीच्या संचालकाचा आहे. चेहरा एका दमलेल्या माणसाचा आहे. दोहोंमधील हे अंतर हीच लेवित्स्कीच्या कलेची खरी जागा होय.

हेच अंतर १७७३ च्या प्रोकोफी देमिदोव्हच्या चित्रात जवळजवळ विनोदाच्या कडेला जाऊन पोहोचते. देमिदोव्ह हा उरलमधील खाणींच्या व भट्ट्यांच्या वारशावर अपार श्रीमंत झालेला, लहरीपणासाठी कुप्रसिद्ध आणि दातृत्वासाठी सुप्रसिद्ध असा गृहस्थ. मॉस्कोच्या अनाथ बालकाश्रमाला त्याने मोठ्या देणग्या दिल्या, आणि मॉस्को नदीकाठच्या त्याच्या वनस्पती-उद्यानाची सूची पुढे पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये तयार केली. चित्र पूर्णाकृती व भव्य आहे. मागे स्तंभ, वर लपेटलेला पडदा, दूरवर बालकाश्रमाची इमारत. सम्राटाच्या चित्रासाठी जी मांडणी राखून ठेवावी ती सारी. आणि मध्ये घरचा झगा घातलेला, डोक्यावर झोपताना घालावयाची टोपी असलेला एक माणूस झारीवर कोपर टेकून उभा आहे, आणि राजाच्या ऐटीने कुंड्यांतील रोपट्यांकडे हात दाखवतो आहे. सोव्हिएत काळातील काही अभ्यासकांनी यात उमरावी चित्रपद्धतीवरील टीका पाहिली. ते फार ताणल्यासारखे वाटते. झगा व झारी ही देमिदोव्हची स्वतःची लहर असणे अगदी शक्य आहे, आणि तत्त्वज्ञ-माळ्याची भूमिका घेणे ही त्या काळच्या धनिकांची एक आवडती हौसच होती. चित्रकाराचे कर्तृत्व दुसरीकडे आहे. लांछन बदलले तरी हात तोच राहिला, यातली विसंगती त्याने लपविली नाही. आणि चेहऱ्यावर मात्र कडवट, किंचित उपरोधी, एकाकी असा भाव ठेवला, जो कुठल्याच भूमिकेत बसत नाही.

लेवित्स्कीच्या कीर्तीचा मुख्य आधार असलेली सात चित्रेही याच सुमाराची, १७७२ ते १७७६ या काळातील. १७६४ मध्ये कॅथरिनने, बेत्स्कोइ याच्या सल्ल्याने, सेंट पीटर्सबर्गच्या स्मोल्नी मठात कुलीन कन्यांसाठी शिक्षणसंस्था काढली. मुली पाच-सहा वर्षांच्या असताना येत आणि अठराव्या वर्षी बाहेर पडत. मधली बारा वर्षे घराचा संबंध जवळजवळ तुटलेला असे. घरच्या 'जुन्या' संस्कारांपासून दूर ठेवून 'नव्या जातीची' माणसे घडवावयाची, अशी त्यामागची कल्पना. वयोगटाप्रमाणे गणवेशाचे रंग ठरलेले : कॉफीचा, निळा, करडा, पांढरा. नृत्य, संगीत, नाट्यप्रयोग यांना मोठे स्थान होते, आणि प्रयोगाला दरबार येत असे. पहिली तुकडी १७७६ मध्ये बाहेर पडली. याच तुकडीतील, आणि तिच्या मागच्या एक-दोन लहान मुलींची चित्रे कॅथरिनने लेवित्स्कीकडून करवून घेतली. ती दीर्घकाळ पीटरहॉफच्या राजवाड्यात होती. १९१७ पासून ती पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहेत. पुस्तकांतून छापलेल्या त्यांच्या प्रतिकृतींत एक गोष्ट हरपते : ही चित्रे मोठी आहेत, मुली जवळजवळ पूर्ण आकाराच्या आहेत, आणि क्षितिज इतके खाली ठेवलेले आहे की पाहणारा जणू रंगमंचाच्या पायथ्याशी उभा राहून वर पाहतो.

या मालिकेत लांछन म्हणजे भूमिकाच होय. सम्राज्ञीला मुली हव्या होत्या त्या संस्थेच्या यशाचा पुरावा म्हणून. म्हणून प्रत्येकीला काही ना काही करून दाखवावयाचे आहे. नेलिदोवा 'मोलकरीण झाली मालकीण' या इटालियन संगीतिकेतील भूमिकेत पदराची कड चिमटीत धरून पाऊल टाकते. लेव्शिना नाचते. आलिमोवा हार्प वाजवते. मोल्चानोवाच्या हाती पुस्तक आहे आणि शेजारी मेजावर भौतिकशास्त्राच्या प्रयोगाचे यंत्र. जगापुढे मांडावयाचा कार्यक्रम एवढा स्पष्ट असताना चित्रकाराला स्वातंत्र्य ते किती उरणार?

उरले ते पुरेसे होते, हे खोवान्स्काया आणि ख्रुश्चोवा यांच्या जोडचित्रात (१७७३) दिसते. प्रसंग एका फ्रेंच प्रहसनात्मक संगीतिकेतील. मुलींच्या संस्थेत पुरुषपात्रेही मुलीच करणार. म्हणून ख्रुश्चोवा पुरुषवेषात आहे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने ती आपल्या मैत्रिणीची हनुवटी कुरवाळते आहे. मागची झाडी रंगमंचाच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडीसारखी आहे, आणि ती तशी दिसावी अशीच चित्रकाराची इच्छा आहे. ख्रुश्चोवा धीट आहे. प्रौढ पुरुषाची ऐट तिने मनापासून उचलली आहे, आणि त्यामुळेच ती लहान मुलगी असल्याचे क्षणभरही विसरता येत नाही. खोवान्स्काया संकोचली आहे. लाजणे हा तिच्या भूमिकेचाच भाग आहे. पण ही लाज पात्राची की तिची स्वतःची, हे सांगता येत नाही. दिग्दर्शकाने नेमून दिलेला भाव आणि आतून आलेला भाव योगायोगाने एकच निघाला, आणि चित्रकाराने तो नेमका त्या ठिकाणी पकडला. हातांनी जे शिकवले ते केले आहे. चेहरे मात्र शिकवलेले नाहीत.

रझेव्स्काया आणि दाविदोवा यांच्या चित्रात भूमिका नाही, फक्त निळा व कॉफीचा गणवेश आहे. लहान दाविदोवा कुतूहलाने बाहेर पाहते, थोरली रझेव्स्काया पाहुण्यांपुढे कसे उभे राहावे हे शिकून चुकली आहे. एका संस्थेने चार-पाच वर्षांत मुलीचे काय केले, याचा याहून मार्मिक दाखला सापडणे कठीण; आणि तो कोणत्याही टीकेच्या हेतूने दिलेला नाही, हे विशेष. चित्रकार दोन मुलींकडे लक्षपूर्वक पाहतो, बाकीचे आपोआप होते. मालिकेतील अखेरची चित्रे, विशेषतः आलिमोवाचे, यांत मात्र सफाई वाढली आणि हा अंतराय कमी झाला. आलिमोवाचे पांढरे रेशीम रशियन चित्रकलेतील उत्तम रेशमांपैकी एक आहे यात शंका नाही. परंतु तिचा चेहरा हातांशी पूर्ण सहमत आहे. पाहणारा थक्क होतो आणि पुढे जातो.

याच काळात एक चित्र असे झाले की ज्यात लांछनच नाही. दिदेरो हा फ्रेंच विश्वकोशकार ऑक्टोबर १७७३ पासून मार्च १७७४ पर्यंत कॅथरिनचा पाहुणा म्हणून पीटर्सबर्गला होता, आणि तेथे लेवित्स्कीने त्याचे चित्र काढले. ते आज जिनीव्हाच्या संग्रहालयात आहे. दिदेरो स्वतः कलासमीक्षक. १७६७ साली व्हान लू याने काढलेले आपले चित्र फार नटवे झाले अशी त्याने स्वतःच चेष्टा केली होती. लेवित्स्कीच्या चित्रात केसांचा टोप नाही, पुस्तक नाही, लेखणी नाही; घरचा झगा आणि उघडे, विरळ केसांचे मस्तक. हाताने सांगावयाचे काही न राहिल्यामुळे सगळे चेहऱ्याला सांगावे लागते, आणि तो ते सांगतो. हा माणूस बोलणे थांबवून क्षणभर ऐकतो आहे. मारिया द्याकोवाच्या १७७८ मधील चित्रातही असेच मोकळेपण आहे. चित्रकाराचा मित्र, कवी व वास्तुकार निकोलाय ल्वोव्ह याची ती वाग्दत्ता. आईबापांच्या विरोधामुळे पुढे त्यांनी गुपचूप लग्न केले. पुढे फ्रेंच राजदूत सेग्यूर याने या चित्रावर पद्य रचले. हिरवट छटांत बुडालेले ते चित्र पाहता एवढेच म्हणावेसे वाटते की दरबाराने न सांगितलेली कामे लेवित्स्कीला अधिक मिळावयास हवी होती.

आता त्याच्या सर्वांत गाजलेल्या दरबारी चित्राकडे वळले पाहिजे. 'न्यायदेवतेच्या मंदिरात धर्मशास्ती कॅथरिन' हे चित्र १७८३ मधील. कल्पना ल्वोव्हची मानली जाते, काम बेझ्बोरोद्को या मंत्र्याने सांगितलेले. चित्रावरचे स्पष्टीकरण लेवित्स्कीने त्याच वर्षी एका नियतकालिकात छापून दिले. त्यात त्याने कल्पना एका कलाप्रेमी मित्राची असल्याचे मोकळेपणी सांगितले, नाव मात्र दिले नाही. त्या स्पष्टीकरणानुसार, सम्राज्ञी वेदीवर खसखशीची फुले जाळते आहे, म्हणजे प्रजेच्या विश्रांतीसाठी आपली विश्रांती अर्पण करते आहे. मस्तकावर राजमुकुटाऐवजी लॉरेलचा हार आहे. पायाशी कायद्याचे ग्रंथ, त्यांवर राखण करणारा गरुड. आणि मागे समुद्रात जहाज, त्याच्या निशाणावर व्यापाराची खूण. पित्याच्या प्रबंधपत्रांतील जग येथे तैलरंगात परत आले आहे : अर्थावाचून एकही वस्तू नाही. चित्र गाजले, त्याच्या प्रती झाल्या, देर्झाविनला त्यातून एक प्रसिद्ध काव्य सुचले.

तथापि या चित्रात कॅथरिन नाही. सम्राज्ञी लेवित्स्कीपुढे कधी बसली नाही, असे अभ्यासक मानतात; चेहरा त्याने इतरांच्या चित्रांवरून बेतला. तंत्रात कसूर कोठेच नाही. उंची, भरजरी वस्त्र, धुराचा पडदा सारे यथास्थित. वेदीकडे वळलेला हात तर निर्देशक हाताचा आदर्श नमुनाच. परंतु चेहऱ्याजवळ हाताला विरोध करण्यासारखे काही नाही, कारण तेथे माणूसच उपस्थित नव्हता. ज्या अंतरावर लेवित्स्कीची कला जगते ते येथे शून्यावर आले, आणि चित्र तत्क्षणी घोषणापत्र झाले. घोषणाही कोणत्या वर्षीची हे पाहण्यासारखे आहे. कायदे करण्यासाठी बोलावलेले प्रतिनिधींचे आयोग-मंडळ कॅथरिनने १७६८ च्या अखेरीसच थांबविले होते. आणि १७८३ च्या मे महिन्यात, धर्मशास्ती कॅथरिन वेदीवर फुले जाळीत असता, युक्रेनमधील शेतकऱ्यांना जमिनीशी जखडणारा हुकूम निघाला. चित्रकाराची जन्मभूमी तीच. याबद्दल लेवित्स्कीला काय वाटले असेल हे चित्रावरून काढता येत नाही, आणि काढू पाहणे योग्यही नव्हे. एवढेच खरे की दरबारी चित्राचा दोष खुशामतीत असतोच असे नाही, गैरहजेरीत असतो. समोर माणूस असला की लेवित्स्कीला खुशामत जमत नसे.

पुढची वर्षे थोडक्यात सांगता येतील. व्लादिमिर पदकाच्या मानकऱ्यांची चित्रे त्याने केली, राजघराण्यातील कन्यांची केली. काही उत्तम, पुष्कळ सारखीच. ओठांच्या कोपऱ्यातले ते शिष्ट स्मित आता एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर उचलून ठेवल्यासारखे दिसू लागते. अकादमीत व्यक्तिचित्रणाचा दर्जा इतिहासचित्रणाहून खालचा मानला जाई, आणि परदेशी चित्रकारांना, उदाहरणार्थ स्वीडिश रोस्लिनला, एका चित्राचे जे मोल मिळे ते लेवित्स्कीच्या वाट्याला कधी आले नाही. सतरा वर्षे वर्ग चालवून १७८८ मध्ये तो तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर बाहेर पडला. नव्वदीच्या दशकात परदेशातून आलेला लांपी आणि तशीच आलेली व्हिजे लब्रां यांनी दरबाराची रुची बदलली. आणि लेवित्स्कीच्याच मार्गदर्शनाचा लाभ झालेला बोरोविकोव्स्की पुढे आला. लेवित्स्की फ्रीमेसन मंडळाकडे व धर्मचिंतनाकडे वळला. १८०७ मध्ये त्याला अकादमीच्या परिषदेवर परत घेतले गेले. तोवर त्याची दृष्टी अधू झाली होती. त्याची आठवण पुढे जवळजवळ पुसली गेली, आणि १९०२ मध्ये द्यागिलेव्हने, म्हणजे पुढे रशियन बॅलेमुळे जगप्रसिद्ध झालेल्या त्याच द्यागिलेव्हने, लेवित्स्कीवर मोठा ग्रंथ काढला तेव्हा ती परत आली. त्या ग्रंथाबद्दल विज्ञान अकादमीचे पारितोषिकही मिळाले. मात्र द्यागिलेव्हच्या पिढीला या चित्रांत हरपलेल्या दरबारी सौंदर्याचा मोह पडला होता, आणि त्या मोहात त्यांनी आलिमोवाचे रेशीम फार आणि दाविदोवाचे डोळे थोडे पाहिले, असे म्हणावेसे वाटते.

उत्तरकाळातील एका चित्राचा उल्लेख येथे अवश्य करावयास हवा. निकोलाय नोविकोव्ह हा ग्रंथप्रकाशक आणि उपरोधी नियतकालिकांचा संपादक. त्याच्या एका नियतकालिकाचे नावच 'चित्रकार' असे होते. १७९२ मध्ये कॅथरिनने त्याला पकडून, न्यायालयापुढे उभे न करता, पंधरा वर्षांसाठी श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात कोंडले. १७९६ च्या अखेरीस ती वारली तेव्हा पावेलने त्याला सोडले. प्रकृती खचलेल्या या माणसाचे चित्र लेवित्स्कीने सुमारे १७९७ मध्ये काढले. पोशाख साधा, पार्श्वभूमी रिकामी. एक हात मात्र पुढे आलेला आहे. तोच जुना हात, कोकोरिनोव्हचा, देमिदोव्हचा, न्यायदेवतेच्या मंदिरातील सम्राज्ञीचा. पण येथे नकाशा नाही, रोपटे नाही, वेदी नाही. तळवा समोरच्याकडे मोकळा आहे, संभाषणात एखादा मुद्दा मांडताना असतो तसा. आणि डोळे उत्तराची वाट पाहत आहेत.